बॅटरी मेली, पण मारली कुणी?

धामणगाव रेल्वेच्या स्टेशनाबाहेर यवतमाळच्या सवाऱ्या घेणाऱ्या गाडीवाल्यांमध्ये विषय काढून पाहा. वर्षभरात दुसरी बॅटरी टाकलेला एखादा तरी ओळखीचा निघतोच. गोष्ट बहुधा एकाच वळणाने जाते. सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबतो, चार जण धक्का मारतात, गॅरेजवाला म्हणतो, ‘‘भाऊ, बॅटरी बसली.’’ नवी बॅटरी येते. चार महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी डायनामो, म्हणजे आजचा अल्टरनेटर, बदलला जातो. काही दिवसांनी तोही जातो. मग दोष येतो कंपनीच्या मालावर, डुप्लिकेट पार्टवर किंवा नशिबावर. हजारो रुपये गेलेले असतात आणि खरा दोष गाडीत होता तिथेच असतो.

माझे म्हणणे एवढेच की, एकच भाग वर्षात दुसऱ्यांदा गेला तर तो आजाराचे लक्षण समजावा आणि मोजमाप झाल्याशिवाय तिसरा विकत घेऊ नये. ताप उतरला नाही म्हणून रक्त न तपासता पुन्हा तीच गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण नावे ठेवतो. गाडीच्या बाबतीत मात्र नेमके तेच मुकाट्याने करून घेतो. आणि हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. गावात रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, तर सावंगीला किंवा अमरावतीला नेण्यासाठी पुष्कळदा शेजाऱ्याची गाडीच दारात येते. ती त्या वेळी सुरू व्हायला हवी. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून आणखी एक धोका वाढला आहे. चालत्या गाडीचा अल्टरनेटर बंद पडला तर गाडी लगेच थांबत नाही, बॅटरीवर काही वेळ रेटत राहते, मग दिवे मंदावतात आणि शेवटी अंधारात ती भर रस्त्यात बंद पडते. डॅशबोर्डवरचे बॅटरीचे लाल चिन्ह गाडी चालू असताना पेटले, तर त्याचा अर्थ साधारणपणे ‘बॅटरी जुनी झाली’ असा नसतो. ‘चार्जिंग होत नाही’ असा असतो.

आता हे दोन भाग एकमेकांचा जीव कसा घेतात ते पाहू. सुरू करताना सेल्फला दोन-तीन सेकंद शंभर-दोनशे अँपिअर लागतात, ते बॅटरी देते. इंजिन चालू झाल्यावर दिवे, पंखा, हॉर्न, गाणी हा सगळा भार अल्टरनेटर उचलतो आणि उरलेल्या ताकदीत बॅटरीची तूट भरून काढतो. थोडी तूट भरणे हेच त्याचे काम आहे. पार रिकामी बॅटरी त्याच्या गळ्यात बांधली की तो पूर्ण जोराने तासन्‌तास राबतो, तापतो, आणि त्यातले डायोड जळतात. उलट डायोड गेलेला अल्टरनेटर बॅटरी पुरती भरत नाही. इतकेच नाही, तर गाडी उभी असताना रात्रभर त्याच डायोडमधून बॅटरी झिरपू शकते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ती काही महिन्यांत निकामी होते. म्हणून यातला एकच भाग बदलला की उरलेला नव्यालाही मारतो. कित्येकदा तर दोघेही निर्दोष असतात आणि गुन्हेगार असते एखादी गंजलेली तार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

तो शोधायला लागतो काही शे रुपयांचा मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.७ च्या दरम्यान जायला हवा आणि हेडलाइट, एसी लावल्यावरही साडेतेराच्या खाली घसरू नये. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, जुन्या मिस्त्रींच्या भाषेत कटआऊट, गेला. अशी बॅटरी आतून उकळते, पाणी आटते, कधी सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला तर जवळ बिडी-काडी पेटवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि स्फोट झाला तर आम्ल थेट डोळ्यात जाते. एक गोष्ट लक्षात ठेवावी, की बीएस-६ काळातल्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एका क्षणाच्या आकड्यावरून निकाल देऊ नये.

बहुतेक गॅरेज इथेच थांबतात. पुढची चाचणी सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. इंजिन चालू, दिवे-एसी चालू, आणि मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. हात, बाही आणि मीटरची तार फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर आला, तर अल्टरनेटर वीज बनवतो आहे, पण ती वाटेतच मरते आहे. हेच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे मायनस यांच्यात करा. तिथे ०.२ पेक्षा जास्त म्हणजे अर्थ खराब. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार, इंजिनाची सैल अर्थपट्टी, आत गंजलेली थिंबल हे दोष सँडपेपर आणि पान्याने सुटतात. त्यांच्यासाठी माणसे नवा अल्टरनेटर घेतात. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले तर डायोडवर संशय घ्यावा.

एवढे सगळे ठीक आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली, तर रात्री कोणीतरी तिचे खाते आहे. गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास थांबायचे, म्हणजे आतले कॉम्प्युटर झोपतात. मग मायनसच्या तारेत मीटर घालून किती करंट जातो ते पाहायचे. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालते. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज जाईल.) समजा २०० मिलिअँपिअर निघाला. दिवसाला ४.८ अँपिअर-तास झाले. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी! मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजवर आकडा पडतो, त्या वायरीवर चोर. बाहेरून बसवलेले टेप, ॲम्प्लिफायर, ट्रॅकर, टेप गुंडाळून थेट बॅटरीवरून घेतलेले दिवे यांच्याकडे आधी बघावे.

आपल्या वऱ्हाडाच्या उन्हाचाही यात हात आहे. पारा ४५ च्या वर गेला की बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते आणि बॅटरीच्या पट्ट्या झपाट्याने गंजतात. मे महिन्यात झालेली इजा बहुधा डिसेंबरच्या थंड पहाटे कळते, कारण तेव्हा इंजिनाचे तेल घट्ट असते आणि बॅटरीचा जोर कमी. तीन-चार वर्षे नीट चाललेली बॅटरी गेली तर मात्र तिचे वय झाले म्हणावे. तिथे गुप्तहेर नको.

मग हे कोणी का करत नाही? मिस्त्रीला येत नाही असे नाही. आपण त्याला मोजायचे पैसे देत नाही. ‘‘नुसतं पाहाचे कायचे पैसे, बॉ?’’ हे वाक्य कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येते. अर्धा तास वायरी शोधून क्षार खरवडणाऱ्याला पन्नास रुपये देताना कुरकुर करणारा माणूस नव्या बॅटरीचे बिल निमूट भरतो. डॉक्टरने नीट तपासून ‘काही नको, घरी जा’ म्हटले तर आपल्याला फसल्यासारखे वाटते, आणि सलाईन लावले की समाधान होते. तीच ही सवय. गॅरेजवाल्यांनी तपासणीची वेगळी फी लावावी आणि बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलण्याआधी वरचे आकडे बिलावर लिहून द्यावेत. आकडे नसतील तर ग्राहकाने पार्ट घेऊ नये. वॉरंटीचा वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

आरोग्याचा आणखी एक हिशेब यात आहे. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग शिशाचा असतो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ कायमची खुंटवते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाच्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्याची कारणे अनेक, पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्यांतले मोठे. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर इथे २००७-०८ मध्ये अशाच कामामुळे काही महिन्यांत १८ मुले दगावली. चार वर्षे चालायला हवी ती बॅटरी वर्षात मेली, तर त्याच गाडीमागे चौपट शिसे या फेऱ्यात जाते.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी द्यायच्या आहेत. नवी घ्याल त्या दुकानातच जुनी परत द्या आणि ती जमा केल्याची नोंद बिलावर करून घ्या. परसात बॅटऱ्या फोडणारा शंभर-दोनशे रुपये जास्त देऊ करेल. त्याला ते परवडते, कारण आम्ल नाल्यात ओतायला काही खर्च येत नाही.