चौकटीतलं प्रमाणपत्र आणि बदललेली आग

आमच्या घरात समोरच्या भिंतीवर एक चौकट आहे. सहा महिन्यांच्या अग्निशमन पाठ्यक्रमाचं माझं प्रमाणपत्र, २००९ सालचं. अम्मी दर जुम्याला ओढणीच्या टोकानं ते पुसते. त्याच कागदावर मला पालिकेत फायरमनची नोकरी लागली. त्यानंतर आजवर मला कुणीही विचारलेलं नाही, की बाबा रे, त्यात लिहिलेलं तुला अजून येतं का? आणि त्यात जे नव्हतं, ते तू कधी शिकलास?

गेल्या वर्षी एका इमारतीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. आम्ही गेलो, पाणी मारलं, ज्वाळा विझल्या. होज गुंडाळून परत आलो. पाऊण तासानं पुन्हा फोन. तीच स्कूटर परत पेटली होती आणि शेजारच्या दोन गाड्याही तिनं ओढल्या होत्या. लिथियम बॅटरीत उष्णता एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जाते, ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी ती बराच वेळ पाण्यानं थंड करावी लागते आणि नंतरही तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं, हे मला त्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहून कळलं. माझ्या २००९ च्या वहीत ही बॅटरी नव्हतीच. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पण लोकांचे जीव नशिबावर सोडायचे असतील, तर अग्निशमन दल हवंच कशाला?

आपल्या राज्यात आग प्रतिबंधाचा कायदा आहे, २००६ चा. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. म्हणजे भिंतीवरच्या लाल नळकांड्याची तपासणी दर सहा महिन्यांनी. आणि ती आग विझवायला जो आत शिरणार, त्याचं ज्ञान एकदा तपासलं की निवृत्तीपर्यंत चालतं! बढतीसाठी पुढचे अभ्यासक्रम आहेत. पण ज्याला बढती मिळत नाही, तो साधा फायरमन आहे तिथेच राहतो, आणि आगीत सगळ्यात पुढे तोच असतो.

डॉक्टरांचं बघा. महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. व्याख्यानं, कार्यशाळा, नवं शिक्षण. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अग्निशामकाला प्रमाणपत्र चालू ठेवायला दरवर्षी १८ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. १८ तास म्हणजे महिन्याला दीड तास. एवढा वेळ आपल्याकडे निघणार नाही, हे मला पटत नाही.

दर १४ एप्रिलला आम्ही १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटातल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना देतो. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र होती. ९ मे २०१५ ला काळबादेवीची जुनी इमारत जळता जळता कोसळली आणि मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले. ही माणसं अडाणी नव्हती, दलातली अनुभवी माणसं होती. आग जुन्या हातांनाही फसवते, तर सहा महिन्यांच्या शिदोरीवर आयुष्य काढणाऱ्यांचं काय?

माझे सहकारी दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, माणसं आधीच कमी, प्रशिक्षणाला पाठवली तर गाडीवर कोण चढणार? दुसरा, परीक्षा आली की नको असलेल्याला काढायचं हत्यार साहेबांच्या हाती येणार. म्हणून माझं म्हणणं असं : प्रशिक्षण केंद्रावरच, कामाच्या वेळेत, पगार न कापता व्हावं. जो नापास होईल त्याला पुन्हा शिकवावं, घरी पाठवू नये. आणि ठेकेदारामार्फत घेतलेल्या पोरांना त्यात आधी घ्यावं, कारण आगीला कायम आणि कंत्राटी हा भेद कळत नाही.

आता तुमच्यासाठी. यंत्रमाग, भंगार, गोदामं, दाटीवाटीची घरं, अरुंद गल्ल्या. आपण जिथे राहतो आणि कमावतो, तिथे आग लवकर पसरते आणि गाडी उशिरा पोहोचते. त्यामुळे हा विषय फायरमनचा तेवढाच तुमचा आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलानं एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमा केला. वडील यंत्रमाग कामगार, फीसाठी कर्ज काढलं. पालिकेची जाहिरात आली, तेव्हा त्यात राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागितला होता. अर्ज बाद झाला. घरी सगळे म्हणाले, “आपल्या पोरांना घेतच नाहीत.” भेदभाव कुठेच नाही, असं मी म्हणणार नाही. पण या वेळी दार बंद झालं ते चुकीच्या कागदामुळे, आणि तो कागद विकणाऱ्यानं ही गोष्ट आधी सांगितली नव्हती. म्हणून फी भरण्याआधी आपल्या पालिकेची जुनी भरती जाहिरात काढा आणि पात्रतेची ओळ नीट वाचा. दहावी झालेल्या, अंगात ताकद असलेल्या मुलांनी या नोकरीत जरूर यावं.

आणि ज्यांना यायचं नाही, त्यांनी एक काम करावं. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे ती पालिकेकडे सोपवण्याच्या कामांपैकी एक आहे. माहिती अधिकारात आपल्या पालिकेला तीन प्रश्न विचारा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती? प्रत्येक कर्मचाऱ्याचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? बॅटरीच्या आगीचं आणि उंच इमारतींचं प्रशिक्षण किती जणांना दिलं? अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तर आलं की ते घेऊन नगरसेवकाकडे जा.

मी आतून किती वर्षं विचारतोय, पण आमचा आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन थांबतो. बाहेरून तुम्ही विचारलंत, तर उत्तर लेखी द्यावं लागेल.