दुखणं ड्राइव्हला, डाग सॉफ्टवेअरला

बॅकअप अडकला की आपल्याकडे एकच उपचार चालतो. सॉफ्टवेअर काढा, पुन्हा टाका. तेवढ्याने भागलं नाही तर दुसऱ्या कंपनीचं टाका. तेही चाललं नाही तर विंडोज मारा. या सदराकडे येणाऱ्या तक्रारी वाचताना मला मात्र वरचेवर जाणवतं की बिचाऱ्या सॉफ्टवेअरने आपलं काम केलेलं असतं. कुठे अडलं ते त्याने सांगितलेलं असतं, फक्त आपल्याला उमगेल असं सांगितलेलं नसतं.

विंडोजची सिस्टिम इमेज घ्या. शेवटी ८०७८०११९ असा आकडा दाखवून ती थांबते आणि जागा पुरत नाही म्हणते. समोर नवी कोरी २ टीबीची ड्राइव्ह रिकामी पडलेली असते, त्यामुळे माणूस चक्रावतो. जागा कमी असते ती बहुधा जुन्या डिस्कवर, सिस्टिम रिझर्व्ह्ड किंवा रिकव्हरी नावाच्या एखाद्या लपलेल्या चिमुकल्या पार्टिशनवर. बॅकअपच्या आधी विंडोज प्रत्येक पार्टिशनची त्या क्षणाची छायाप्रत धरून ठेवतं. पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यासाठी किमान ५० एमबी मोकळे लागतात, मोठं असेल तर ३२० एमबी. पार्टिशन थोडं वाढवलं की गाडी पुढे सरकते. (हे सिस्टिम इमेज प्रकरण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच निवृत्तीच्या यादीत टाकलं. तरी ते कंट्रोल पॅनेलमध्ये अजून ठाण मांडून आहे.)

कधी कारण याहून साधं असतं. बॅकअपची ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असते आणि तिथे ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. किंवा मध्येच कुणी पेनड्राइव्ह लावलेला असतो, बॅकअपच्या ड्राइव्हचं अक्षर ई चं एफ झालेलं असतं आणि सॉफ्टवेअर ई ला शोधत बसतं.

केबलकडे तर कुणी बघतच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन उघडा आणि स्मार्टच्या यादीत १९९ क्रमांकाची नोंद पाहा. तिथे ती सी७ अशी दिसते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये ये-जा करताना बिघडलेल्या माहितीची ती मोजणी आहे. हा आकडा वाढत असेल तर साटाची केबल बदला. जुना आकडा पुसला जात नाही, तो वाढायचा थांबला म्हणजे झालं. ५ आणि १९७ या नोंदी चढू लागल्या तर गोष्ट वेगळी. डिस्कचा पृष्ठभागच चालला आहे. तेव्हा सॉफ्टवेअरशी झटापट सोडून हाती लागेल ते आधी उतरवून घ्यायचं.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे तिच्याकडे येतो. हार्ड डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारीशेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती बसते, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. अशी ड्राइव्ह सुरुवातीला पळते, कारण नवं लेखन ती आधी एका राखीव भागात घेते. तो भरला की वेग कोसळतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर रोजचे तुकडे जुन्या प्रतीत मिसळू लागतं तेव्हा नेमकी हीच वेळ येते. पडद्यावरचा टक्केवारीचा आकडा हलत नाही आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्हमध्ये एसएमआर घातलं होतं आणि ते ग्राहकांना सांगितलं नव्हतं. रेड म्हणजे घरच्या आणि छोट्या कार्यालयांच्या सर्व्हरसाठी विकली जाणारी मालिका! नाव तेच, मॉडेलमध्ये मात्र ईएफआरएक्सचं ईएफएएक्स झालेलं. ओरड झाल्यावर कंपनीने सीएमआरवाल्या ड्राइव्ह रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही ड्राइव्हमध्ये एसएमआर असल्याचं त्याच सुमारास बाहेर आलं.

आपल्याकडे खोक्यावर एमआरपी आणि आयातदाराचं नाव छापणं सक्तीचं आहे. आतली ड्राइव्ह लिहिते कशी, हे छापण्याची सक्ती नाही. ती असायला हवी. तोवर लॅमिंग्टन रोडवर असा नाहीतर गावातल्या दुकानात, किती टीबी आणि कोणता रंग एवढंच विचारून पैसे देऊ नका. पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा. सीगेटच्या २ आणि ४ टीबीच्या डेस्कटॉप बाराकुडांत एसएमआर सर्रास सापडतं. त्यांच्याच आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. खिशात मावणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल ड्राइव्ह तर बहुतेक एसएमआरच. त्यांतल्या काहींत यूएसबीचं सॉकेट थेट सर्किटवर डाखलेलं असतं, म्हणजे सॉकेट मोडलं तर डिस्क काढून साटाला लावायची सोयही नाही.

विंडोज ज्या ड्राइव्हवर चालतं ती एसएसडीच असावी, यात आता वाद उरलेला नाही. पण कपाटात बंद ठेवायच्या प्रतीसाठी मी एसएसडी घेणार नाही. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक लेखनमर्यादा संपत आलेल्या, विजेविना पडून असलेल्या ड्राइव्हकडून ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवण्याची अपेक्षा करतं. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ टिकेल. तरी नागपूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटातलं तापमान ३० वर थांबत नाही. तिथे साडेतीन इंची सीएमआर हार्ड डिस्क बरी.

आणि ड्राइव्ह कितीही चांगली असली तरी हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने गुपचूप फसत होता. तो फसल्याची ईमेल निघत होती, पण पलीकडे स्वीकारलीच जात नव्हती. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या प्रतीवर शेवटी निभावलं.

म्हणून महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरात परत आणून उघडून बघा. डीटीपीवाल्यांनी तर ती दुसऱ्या मशिनवर उघडावी. डी ड्राइव्हवरची लग्नपत्रिका सुखरूप परत येते, पण जुन्या पद्धतीचे श्री-लिपीसारखे फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात राहून गेलेले असतात. मग नवरा-नवरीच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्टचं फोल्डर तुमच्या बॅकअपच्या यादीत आहे का, ते आधी बघून घ्या.