उमेदवारी की वेठबिगारी?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यातून आणखी एक स्थलांतर होते. त्याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. बीड, अंबाजोगाई, परळी येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'इंटर्नशिप'साठी वाळूजला आणि चाकणला जातात. काहींच्या घरी तर बाप कोयता घेऊन निघतो आणि मुलगा महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊन! बापाला निदान मुकादमाकडून उचल मिळते. मुलाला खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे पुष्कळदा घरूनच मागवावे लागतात.

इंटर्नशिपच्या तत्त्वाविषयी आमची तक्रार नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात तिला अनिवार्य स्थान दिले, हे योग्यच झाले. पुस्तकातले यंत्र कधी तापत नाही, कधी अडकत नाही, त्यातून कधी तेल गळत नाही. ते कारखान्यातच पाहावे लागते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत अध्यापन केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभारला आणि खेड्यातल्या माणसांच्या हातांना यंत्रविद्या शिकवली. शिकवण्याची इच्छा असली, की माळरानाचीही शाळा होते!

परंतु आज अनेक ठिकाणी घडते ते निराळेच. यंत्र-अभियांत्रिकीचा विद्यार्थी आठ तास एकाच गेजने एकच नट तपासत बसतो, खोक्यांत सुटे भाग मोजतो, तेच ते तक्ते भरतो. हा नट या मापाचाच का, तो नाकारला गेला तर दोष लेथचा की हत्याराचा, हे त्याला कोणी सांगत नाही. दुसऱ्या टोकाला, कारखान्याची पायरीही न चढता प्रमाणपत्र मिळवणारे महाभाग आहेतच. पहिल्या प्रकारात श्रम आहेत, शिक्षण नाही; दुसऱ्यात दोन्ही नाहीत!

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. नवख्याचा हात प्रेसखाली गेला तर जबाबदार कोण, आणि उत्पादन थांबवून त्याला शिकवायचे कोणी, हे त्यांचे प्रश्न खोटे नाहीत. पण त्यांचे उत्तर कायद्याने पूर्वीच दिले आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम १९७३ साली पदवीधर आणि पदविकाधारक अभियंत्यांनाही लागू झाला. त्यात लेखी करार आहे, विद्यावेतन आहे, अपघात झाल्यास भरपाईची तरतूद आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी दरमहा किमान ९००० रुपये ठरवले आणि ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. परंतु या कायद्याखाली करार न होता केवळ महाविद्यालयाच्या पत्रावर जो विद्यार्थी कारखान्यात शिरतो, त्याला या किमान विद्यावेतनाचा हक्क नाही. इंटर्नशिप सक्तीची आणि मोबदला मर्जीचा, हा कोठला न्याय?

वाळूज-चाकणसारखी औद्योगिक वसाहत बीडमध्ये उभी राहिली नाही, हे खरे. बीड शहराला आगगाडीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी दिसली! तरीही जिल्हा यंत्रशून्य नाही. परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे; माजलगाव, गेवराई, केज या भागांत साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम संपला की हे कारखाने उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी उघडले जातात. झिजलेल्या रोलरच्या खाचा पुन्हा कोरल्या जातात, बेअरिंगे बदलली जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, टर्बाइन आणि पंपांचे अंतरंग बाहेर येते. नेमकी तीच विद्यार्थ्याची सुट्टी! चालत्या यंत्राचा फक्त आवाज ऐकू येतो. उघडलेले यंत्र शिकवते. एवढी मोठी प्रयोगशाळा दाराशी असताना जिल्ह्याच्या मुलाने परगावी जाऊन नट का मोजावेत?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. साखर कारखान्यांनी दुरुस्तीच्या काळात जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना दार उघडावे, विद्यावेतन द्यावे, विमा उतरवावा आणि प्रत्येकाला एका अनुभवी फिटरच्या हाताखाली द्यावे. शासनाने सक्तीच्या इंटर्नशिपला शिकाऊ उमेदवाराचे संरक्षण द्यावे. प्राध्यापकांनी प्रमाणपत्रावरचा शिक्का न पाहता कारखान्यात जाऊन विद्यार्थ्याला विचारावे: "तू काय उघडलेस, काय जोडलेस?"

ज्यांनी तोडलेल्या उसावर महाराष्ट्राचे साखर कारखाने चालतात, त्यांच्या मुलांना त्या कारखान्यांची यंत्रे शिकण्याचा हक्क आहे. तो मागताना त्यांनी हात जोडण्याचे कारण नाही!