चाक सुतात, तर धंदा सुतात

जुन्या मोटारसायकलींचे काम करणाऱ्या भावांना आज एक कडू गोष्ट सांगायची आहे. ती दुसऱ्या कोणाची नाही, माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आपली जुनी बुलेट घेऊन माझ्या गॅरेजात आले. चेन आवाज करीत होती, स्प्रॉकेटचे दात एका अंगाने झिजले होते. मी नवा चेनसेट टाकला, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खाचा मोजल्या, सारख्या ठेवल्या आणि गाडी दिली. वर्ष भरायच्या आत ते पुन्हा आले. दुखणे तेच. मी पुन्हा चेनसेट विकला. तिसऱ्या खेपेला ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, बाजारात चेन वाईट मिळते, की माझी गाडीच वाईट आहे?"

त्या दिवशी मी दोरी काढली. खाचा दोन्हीकडे सारख्या होत्या, पण मागचे चाक डावीकडे बघत होते. दोष चेनचा नव्हता, गाडीचाही नव्हता. माझ्या कामाचा होता. तिसरा चेनसेट मी माझ्या खिशातून घातला. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, सूत धरल्याशिवाय जुन्या गाडीचे मागचे चाक कसू नये, आणि या कामाची मजुरी बिलात वेगळी लिहावी.

खाचा खोटे का बोलतात?

गाडी नवी असताना खाचांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण तीस-चाळीस वर्षांत मागचा चिमटा कुठे वाकतो, कुठे वेल्डिंग होते, एका बाजूचा अ‍ॅडजस्टर झिजतो आणि दुसऱ्या बाजूला बाजारातला नवा बसतो. मग दोन्हीकडे सारखा आकडा असूनही अ‍ॅक्सल तिरका राहतो.

हिशेब करून पाहा. अ‍ॅक्सलच्या दोन टोकांत साधारण २०० मि.मी. अंतर धरले आणि एक टोक फक्त २ मि.मी. मागे राहिले, तर दर १०० मि.मी.ला १ मि.मी. असा तिरकेपणा येतो. बुलेटच्या दोन चाकांमधले अंतर सुमारे १३७० मि.मी. आहे. म्हणजे मागच्या चाकाची रेषा पुढच्या चाकापाशी जवळजवळ १४ मि.मी. बाजूला जाते. दोन मि.मी. डोळ्याला दिसत नाहीत, चौदा मि.मी. लहान पोरालाही दिसतात. दोरीची करामत एवढीच आहे.

हत्यार घरचेच

यासाठी महागडे यंत्र नको. गवंड्याकडे असते तसे न ताणणारे बारीक सूत, वाळू भरलेले रंगाचे दोन रिकामे डबे आणि एक पोलादी पट्टी पुरे.

आधी दोन गोष्टी तपासाव्यात. रिमजवळ खडू धरून चाक फिरवावे. रिमला आऊट असेल तर तो प्रथम काढावा. मग चाक हाताने आडवे हलवून पाहावे. ते खुळखुळले तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेलेले आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय घेतलेले माप फुकट.

गाडी स्टँडवर सरळ उभी करावी. सूत मागच्या टायरच्या मागून गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढे आणावे. स्टँड व सायलेन्सरला न अडता ते जितके उंच जाईल तितके चांगले. पुढच्या चाकाच्याही पुढे दोन डब्यांना टोके बांधावीत आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडेला दोन्ही सुते नुसती टेकतील इतपत डबे सरकवावेत. मग हँडल सरळ करून पुढच्या टायरपाशी दोन्हीकडची फट मोजावी.

दोन्ही टायर एकाच रुंदीचे असतील, तर सूत पुढच्या टायरलाही टेकेल. मागे ३.५० आणि पुढे ३.२५ चा टायर असेल, तर दोन्हीकडे सुमारे ३ मि.मी. फट राहील. फट कमी-जास्त निघाली, तर ज्या बाजूला ती जास्त, त्या बाजूचे अ‍ॅक्सलचे टोक पुढे घ्यावे किंवा दुसऱ्या बाजूचे मागे. माझ्या पोरांना मी एकच वाक्य पाठ करायला लावतो : चेनच्या बाजूने ताण, दुसऱ्या बाजूने सूत. नट कसताना चाक पुन्हा सरकते. म्हणून कसल्यावर सूत आणि चेनचा ताण पुन्हा पाहावा आणि ब्रेकचा रॉडही जुळवावा.

सूत बरोबर असूनही स्प्रॉकेटचे दात एका अंगानेच झिजत असतील, तर स्पेसर चुकला आहे, रिम हबवर एका बाजूला ओढली गेली आहे, किंवा फ्रेम मार खाल्लेली आहे. ते अ‍ॅडजस्टर पिळून झाकू नये. मालकाला सरळ सांगावे.

उस्तादांची नजर

काही ज्येष्ठ उस्ताद म्हणतील, "आमची नजर हेच माप." त्यांच्या नजरेचा मी आदर करतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गाडी रस्त्यावरून जाताना चाक तिरके आहे हे ओळखत. पण नजर उस्तादाबरोबर जाते, सूत शागीर्दाच्या हातात राहते. शिवाय नजर ग्राहकाला दाखवता येत नाही. सूत दाखवता येते.

हा मुद्दा धंद्याचा आहे. मद्रासला १९५५ साली बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी निघाल्या; तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या गाड्या आज हौसेने जपल्या जातात. ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवण्याचे केंद्राचे नियम २०२१ साली आले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे जुन्या गाडीचा मालक आता केवळ गरजेपोटी येत नाही, तो पारखून येतो. त्याला पार्ट कुठेही मिळेल. त्याला हवा आहे तो विश्वासाचा हात.

पण आपण काय करतो? पार्ट विकतो आणि मजुरी त्यातच दडवतो. मग मापाच्या कामाला किंमत उरत नाही, आणि ज्याला किंमत नाही ते काम कोणी मन लावून करीत नाही. "दोरी धरायचे कसले पैसे?" असे ग्राहक विचारेल. त्याला पट्टी हातात देऊन फट मोजायला लावावी. कामाआधीचे आणि नंतरचे माप बिलावर लिहावे. अर्ध्या-पाऊण तासाची रास्त मजुरी आपल्या गावच्या भावाप्रमाणे घ्यावी. चेनसेटचा खर्च वाचलेला माणूस ती खुशीने देतो, हा माझा अनुभव आहे.

यात गल्ल्यावर चेनसेट कमी विकले जातील, हे खरे. पण तिरक्या चाकावर विकलेला चेनसेट ही कमाई नव्हे, ते ग्राहकाचे नुकसान आहे. आज ना उद्या तो विचारणारच.

ते गुरुजी अजून माझ्याकडे येतात. गाडी स्टँडवर चढली की डबे स्वतःच पुढे सरकवतात आणि सुताचे टोक धरून उभे राहतात.