घर आणि यंत्र : ट्रॅक्टरचे वय तासांत मोजावे

मोटारीचे वय सांगावयाचे झाले, तर ती किती किलोमीटर चालली ते आपण सांगतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. मळणीयंत्राला जोडून खळ्यावर उभा केलेला ट्रॅक्टर सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत धडधडत राहतो. त्याची चाके तसूभरही हलत नाहीत. परंतु इंजिनातले ऑइल काळे होतच असते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतच असतात. तोच ट्रॅक्टर नांगरटीत ताशी चार-पाच किलोमीटर चालतो आणि ट्रॉली घेऊन सडकेला लागला म्हणजे त्याच्या कितीतरी पट अंतर तासाभरात काटतो. तेव्हा अंतर हे त्याच्या श्रमांचे माप होऊच शकत नाही. त्याचे माप म्हणजे इंजिन चालले ते तास. ऑइल केव्हा बदलावे, गाळणी केव्हा बदलावी, हे कारखान्याच्या पुस्तिकेत तासांतच लिहिलेले असते, ते याच कारणाने.

हे तास मोजणाऱ्या यंत्राला कोशात पाहून 'तासमापक' म्हणता येईल. पण हा शब्द घेऊन बाजारात गेल्यास दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. मिस्त्री त्याला 'अवर मीटर' म्हणतात, हिंदी मुलखात 'घंटा मीटर' हेही नाव ऐकू येते. आपणही येथे मीटरच म्हणू.

आपल्या देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. पुढे १९६०च्या दशकात मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स, इंटरनॅशनल आणि १९७०च्या दशकात एचएमटी व स्वराज हे ट्रॅक्टर शेतावर आले. नीट राखलेले डिझेल इंजिन माणसाच्या एका पिढीहून अधिक टिकते, त्यामुळे वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर मुलगा आणि आता नातू चालवीत आहे, अशी घरे पंजाबात आहेत, माळव्यात आहेत, तशी आपल्या खानदेशातही आहेत. परंतु अशा जुन्या ट्रॅक्टरांवरील मीटर पाहावा, तर तो कित्येक वर्षे एकाच आकड्यावर थिजलेला असतो. काहींवर मीटर नसतोच, नुसते भोक असते.

मग घरात काय घडते? ऑइल 'दिवाळीला बदलले होते' एवढीच आठवण उरते. दिवाळीनंतर ट्रॅक्टर चाळीस तास चालला की तीनशे, हे कोणालाच सांगता येत नाही. दोघा भावांचा सामाईक ट्रॅक्टर असेल, तर डिझेलच्या वाटणीवरून कुरबुर सुरू होते, आणि तीत कोणीही खोटे बोलत नसते. प्रत्येकाला आपला दिवस आखूड आणि दुसऱ्याचा लांब वाटतो, इतकेच. चालक ठेवून ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या घरात तर, विशेषतः जिथे हिशेब घरातली बाई पाहते आणि तिला प्रत्येक शेतावर जाऊन उभे राहणे शक्य नसते, तिथे चालक सांगेल तो तास आणि गिऱ्हाईक कबूल करील तो पैसा, अशी स्थिती होते. हे सारे मिटविण्याची शक्ती एका लहानशा मीटरात आहे. त्याची किंमत ऑइलच्या एका बदलाच्या खर्चाच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते आणि तो बसविणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र तो विचार करून बसवावा लागतो. विचार न करता बसविलेला मीटर नसलेल्या मीटरपेक्षा वाईट, कारण त्याच्या चुकीच्या आकड्यावर सगळे विश्वास ठेवतात.

प्रथम जुन्या मीटरची रीत समजून घेऊ. अमेरिकेत फोर्डच्या ८एन ट्रॅक्टरवर १९५० पासून 'प्रूफमीटर' नावाचे घड्याळ येऊ लागले. इंजिनाचे फेरे आणि कामाचे तास त्या एकाच तबकडीवर दिसत. मॅसी फर्ग्युसनचा 'ट्रॅक्टरमीटर' याच जातीचा. इंजिनाच्या फिरत्या भागापासून एक वळती केबल निघून या मीटरात शिरते आणि आतील दातेरी चाके फिरविते. म्हणजे हा मीटर खरे पाहता वेळ मोजतच नाही. तो फेरे मोजतो आणि तास म्हणून सांगतो. मिनिटाला १५०० फेरे हे माप धरून बनविलेला मीटर इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल तेव्हाच घड्याळाशी जुळतो. इंजिन ७५० फेऱ्यांवर नुसते घुरघुरत उभे असेल, तर घड्याळाच्या एका तासात मीटर अर्धाच तास पुढे सरकतो. २००० फेऱ्यांवर तोच मीटर एका तासात एक तास वीस मिनिटे दाखवितो. ही युक्ती वेडगळ नाही. झीज ही पुष्कळ अंशी फेऱ्यांच्या हिशेबाने होते, तेव्हा देखभालीसाठी हेच माप अधिक न्याय्य म्हणता येईल. जुना मीटर शाबूत असून केवळ केबल तुटली असेल, तर नवी केबल घालणे हाच उत्तम उपाय. नव्याच्या मागे लागू नये.

मीटरच निकामी झालेला असेल, तर आज बाजारात मिळणारा विजेवर चालणारा मीटर घ्यावा. त्याला दोन वायरी असतात. वीज मिळाली की तो चालतो, तुटली की आकडा जपून थांबतो. हा सरळ घड्याळाचे तास मोजतो, फेऱ्यांशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे इंजिन उभ्याने पुष्कळ चालत असेल, तर नव्या मीटरचे तास जुन्याहून जास्त भरतील आणि ऑइल थोडे लवकर बदलले जाईल. त्यात इंजिनाचे नुकसान नाही.

आता खरी मेख. बहुतेक लोक या मीटरची एक वायर किल्लीच्या खटक्याला आणि दुसरी ट्रॅक्टरच्या अंगाला जोडून मोकळे होतात. पेट्रोलच्या मोटारीत हे खपून जाते, कारण किल्ली बंद केल्याखेरीज तिचे इंजिन थांबत नाही. जुना डिझेल ट्रॅक्टर मात्र किल्लीने बंद होत नाही; त्याचे डिझेल तोडणारी दांडी ओढावी लागते. चालक दांडी ओढतो, इंजिन थांबते, तो जेवायला जातो आणि किल्ली चालूच राहते. मीटरही चालूच राहतो. रात्रभर किल्ली तशीच राहिली, तर सकाळी न केलेल्या कामाचे बारा तास चढलेले असतात. भावाभावांतला तंटा मिटविण्यासाठी आणलेली वस्तू नवा तंटा उभा करते.

म्हणून मीटरला वीज अशा ठिकाणाहून द्यावी की, जी इंजिन फिरत असतानाच मिळेल. याला दोन मार्ग आहेत. पहिला डायनामोचा. डायनामोच्या ज्या टोकावर तो स्वतः निर्माण केलेली वीज येते, त्या मोठ्या टोकावरून मीटरला वायर द्यावी. डायनामो फिरेल तेव्हाच मीटर चालेल. यात एक उणीव आहे. इंजिन अगदी मंद असताना जुना डायनामो पुरेशी वीज देत नाही आणि तेवढा वेळ मीटर झोपतो. पट्टा तुटला तरीही तेच.

दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, तो ऑइलच्या दाबाचा. इंजिन फिरू लागले की क्षणार्धात ऑइलला दाब येतो, थांबले की जातो. ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे जाणाऱ्या नळीवर 'टी' जोड बसवून तिच्यात दाबाने चालणारा एक लहान खटका बसवावा. मात्र दुकानात हा खटका मागताना जपावे, कारण तो दोन जातींचा असतो. ऑइलचा लाल दिवा लावणारा जो नेहमीचा खटका, तो दाब नसताना जोडलेला असतो आणि दाब येताच तुटतो. आपल्याला याच्या नेमका उलट, दाब येताच जोडणारा हवा. चुकून पहिला बसविला, तर मीटर इंजिन थांबलेले असताना चालेल आणि काम सुरू होताच थांबेल. दुकानातच बॅटरी आणि लहान दिवा लावून पाहावे : सुटा खटका मध्ये घातला असता दिवा लागता कामा नये. खटक्याचे आटेही जुळवून घ्यावेत. जुन्या विलायती इंजिनांचे आटे आणि आजचे मिलिमीटरचे आटे वरवर सारखे दिसतात, दोन फेरे फिरतातही, आणि मग जोर केल्यास इंजिनाच्या अंगचे आटे खराब होतात. ते नुकसान मीटरच्या किमतीच्या कैक पट असते.

जोडणी अशी : किल्लीच्या खटक्यापासून निघालेली वायर प्रथम एका लहान फ्यूजमधून न्यावी, तेथून मीटरला, आणि मीटरची दुसरी वायर दाबाच्या खटक्याला. एकाच टोकाचा खटका असेल, तर त्याचे अंगच अर्थिंगचे काम करते. म्हणून त्याच्या आट्यांवर गळती थांबविण्याची पांढरी पट्टी गुंडाळताना हात आखडता घ्यावा. ती फार झाली की धातूला धातू लागत नाही आणि मीटर का चालत नाही हे शोधण्यात दिवस जातो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अंगाला जोडलेली वायर सोडावी आणि ती सगळ्यांत शेवटी लावावी. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी, पत्र्याच्या भोकातून नेताना रबराची बांगडी घालावी; ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी पत्र्याची कडा वायरीचे आवरण एका हंगामात कापते.

आणखी एक पाहावयाचे ते हे की, बॅटरीचे कोणते टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले आहे. आज सर्वत्र ऋण टोक अंगाला असते. पण कित्येक जुन्या विलायती बनावटीच्या ट्रॅक्टरांत धन टोक अंगाला असे. अशा ट्रॅक्टरवर मीटरची धन वायर अंगाच्या बाजूला, म्हणजे दाबाच्या खटक्याकडे, आणि ऋण वायर किल्लीकडे गेली पाहिजे. उलट जोडल्यास मीटर चालणार नाही, कदाचित कायमचा. बॅटरी सहा व्होल्टची असेल, तर मीटर तेवढ्या विजेवर चालणारा आहे ना, हे त्याच्या पाठीवर वाचून घ्यावे.

काही घरी बॅटरी केव्हाच गेलेली असते. ट्रॅक्टर रात्री चढावर उभा करतात आणि सकाळी उतारावर सोडून सुरू करतात. त्यांनी वायरीच्या मीटरच्या फंदात पडू नये. इंजिनाच्या हादऱ्याने जागा होणारा, पोटात स्वतःची लहान बॅटरी असलेला मीटर मिळतो, तो इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवावा. मात्र ठिणगीच्या तारेला वायर गुंडाळून चालणारा मीटर कोणी गळ्यात मारू लागल्यास घेऊ नये. तो पेट्रोल इंजिनाचा. डिझेल इंजिनाला ठिणगीच नसते.

मीटर बसला की पहिले काम म्हणजे वही. नवा मीटर शून्यापासून सुरू होतो, ट्रॅक्टर शून्यापासून सुरू होत नाही. पहिल्या पानावर मीटर बसविल्याची तारीख, जुन्या मीटरचा थिजलेला आकडा आणि 'त्यानंतरचे तास माहीत नाहीत' हे स्पष्ट लिहावे. उद्या ट्रॅक्टर विकावयाचा झाल्यास हे पान गिऱ्हाइकाला दाखवावे. चारशे तास दाखविणारा मीटर पुढे करून चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर विकणे ही फसवणूकच होय. त्याच दिवशी ऑइल व गाळणी बदलून आकडा टिपावा, म्हणजे पुढचा हिशेब तेथून सुरू होईल. पुढचे बदल किती तासांनी करावयाचे, ते आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरला २५० तास चालते म्हणून आपल्या जुन्याला चालेलच असे नाही. हवेच्या गाळणीला मात्र तासांचा नियम पुरत नाही. मळणीच्या धुळीत ती रोज उघडून पाहावी, मीटर काहीही म्हणो.

मीटरवरील शेवटचा आकडा निराळ्या रंगाचा असतो, तो तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे. १२४३.५ म्हणजे १२४३ तास ३० मिनिटे. याला 'पाच मिनिटे' समजून भाड्याच्या हिशेबात अर्ध्या तासाचे पैसे बुडाल्याची तक्रार ऐकू येते, म्हणून घरातील सर्वांना हे एकदा समजावून द्यावे.

या वहीचा आणखी एक उपयोग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सकाळी टाकी काठोकाठ भरावी, आकडा लिहावा. संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरावी. पाच तासांत साडेवीस लिटर लागले, तर ताशी ४.१ लिटर झाले. त्याच शेतात, त्याच नांगराला पुढल्या वर्षी ताशी पाच लिटर लागू लागले, तर हवेची गाळणी तुंबली आहे, इंजेक्टर बिघडले आहेत, की डिझेल दुसरीकडे जात आहे, याची चौकशी करावी. मीटर नसताना हा प्रश्न मनात आला, तरी विचारायला आधार नसतो.

भाड्याने देणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. शेताच्या बांधावर गप्पा चालल्या असता इंजिन घुरघुरत राहिले, तर नवा मीटर तो वेळही मोजतो. तो कोणाच्या खात्यावर घालावयाचा? शेतात पोहोचल्याचा आणि काम संपल्याचा असे दोन्ही आकडे गिऱ्हाइकाच्या समोर वाचावेत व वहीत त्याची सही घ्यावी. जाण्यायेण्याचे तास निराळ्या रकान्यात लिहावेत. महिन्यातून एकदा घरच्या घड्याळाशी मीटर ताडून पाहावा : इंजिन अर्धा तास चालू ठेवले असता .५ पुढे गेला पाहिजे, आणि इंजिन थांबवून किल्ली मुद्दाम तशीच ठेवली असता दहा मिनिटांत आकडा हलता कामा नये. पाहून झाल्यावर किल्ली काढून घ्यावी, नाहीतर बॅटरी उतरेल.