तुटले कुठे ते आधी पाहा

‘एसएसएल सिसकॉल एरर: ईओएफ डिटेक्टेड.’ पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांना ही ओळ तोंडपाठ असते. तिच्यात एसएसएल दिसले की पहिला संशय सर्टिफिकेटवर जातो आणि कोणीतरी ‘तात्पुरते’ म्हणून एन्क्रिप्शनच बंद करून टाकतो. (असले तात्पुरते वर्षानुवर्षे टिकते.) कनेक्शन तरीही तुटतेच, फक्त लॉगमधला मजकूर बदलतो.

टीएलएसच्या नियमाप्रमाणे निरोप घेताना ‘क्लोज नोटिफाय’ पाठवायचे असते. ते न येताच खालचे टीसीपी कनेक्शन बंद झाले, एवढाच या ओळीचा अर्थ. 2021 मध्ये आलेल्या ओपनएसएसएल 3.0 पासून अशा बंद होण्याला उघडपणे प्रोटोकॉलची चूक मानले जाते. त्यामुळे अपग्रेडनंतर ‘नवी’ दिसणारी एरर बरेचदा जुनीच असते.

तोडले कोणी, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला पाहावे. ‘टर्मिनेटेड बाय सिग्नल 9’ दिसले, तर लिनक्सच्या ओओएम किलरचा संशय घ्या आणि कर्नलचा लॉग उघडा. पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली गेली की पोस्टमास्टर बाकीचीही सगळी कनेक्शन्स तोडून रिकव्हरीला लागतो. म्हणून एकाच्या जड क्वेरीचा भुर्दंड सगळ्यांना बसतो. सर्व्हर गप्प असेल तर मधली उपकरणे तपासा. एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर डिफॉल्टनुसार 350 सेकंद शांत राहिलेले टीसीपी कनेक्शन विसरतो, आणि लिनक्सचा पहिला कीपअलाइव्ह निघतो 7200 सेकंदांनी! ही वेळ पाच मिनिटांच्या आत आणली, पूलमधल्या कनेक्शनचे आयुष्य मर्यादित ठेवले, की निम्मी कटकट मिटते. ‘बॅड रेकॉर्ड मॅक’ दिसले तर मात्र नेटवर्कवाल्यांना छळण्याआधी फोर्क झालेले वर्कर एकच कनेक्शन वापरत नाहीत ना, ते बघा.

खरी जोखीम वेगळीच आहे. कमिट पाठवले आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन गेले, तर व्यवहार झाला की नाही? क्लायंटला ते कळायला मार्ग नसतो. अशा वेळी डोळे मिटून ‘रिट्राय’ करणारा कोड एकाच ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे काढू शकतो. एररचा मजकूर पाहून रिट्राय ठरवणे आम्हाला बेजबाबदारपणाचे वाटते. प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनेच आधी स्वतःचा क्रमांक द्यावा, त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट असावे. मग तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच तो अडवतो. ते जमत नसेल तर कमिटआधी ट्रान्झॅक्शन आयडी नोंदवून ठेवावा. पोस्टग्रेस 13 पासून ‘पीजी एक्सॅक्ट स्टेटस’ हे फंक्शन त्या आयडीचे पुढे काय झाले ते सांगते. 10 ते 12 या आवृत्त्यांत तेच काम ‘टीएक्सआयडी स्टेटस’ करते.

वाचकांना विनंती एकच: या आठवड्यात चाचणी सर्व्हरवर ऐन कमिटच्या वेळी कनेक्शन तोडा आणि आपले अ‍ॅप्लिकेशन काय करते ते स्वतः पाहा.