रसशाळेतील घट कोठे जाते?



रसशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत एक रकाना असतो. हिंगुळ किती घेतला, त्यातून पारद किती मिळाला आणि घट किती झाली, याची त्यात नोंद होते. हिंगुळात वजनाने सुमारे 86 टक्के पारद असतो; ऊर्ध्वपातनानंतर हाती मात्र त्याहून बराच कमी येतो. विद्यार्थी वजाबाकी करतो, अध्यापक सही करतात आणि वही मिटते. अध्यापनाच्या काळात अशा कितीतरी वह्यांवर आम्ही सह्या केल्या. ही घट जाते कोठे, हा प्रश्न त्या वेळी आम्हास पडला नाही. काही अंश कापडमातीला चिकटतो, काही धुण्याच्या पाण्यात जातो, काही यंत्रातच राहतो, हे खरे. परंतु उरलेला अंश हवेत जातो आणि ती हवा कोणीतरी श्वासावाटे घेत असतो, हेही तितकेच खरे आहे.

ज्या महाविद्यालयात आम्ही काही वर्षे शिकविले, तेथील रसशाळेत एक मामा होते. कज्जली घोटणे, भट्टी लावणे, प्रात्यक्षिक संपल्यावर खल्व धुणे ही त्यांची कामे. पारद सांडला तर ते केरसुणीने गोळा करीत. डबा खात तो त्याच खोलीत, खिडकीपाशी. एके दिवशी ते आमच्याकडे हाताला कंप सुटतो म्हणून आले. झोप लागत नाही, हिरड्या सुजतात, घरात सर्वांवर उगाच चिडचीड होते, असेही त्यांनी सांगितले. आम्ही कंपवाताचे निदान केले. कपिकच्छू दिली, अश्वगंधा दिली, नस्य दिले. कित्येक महिने हे चालले. दशविध परीक्षा आम्ही केली, पण ‘मामा, दिवसभर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न विचारला नाही. तो विचारण्याची गरज वाटली नाही, कारण उत्तर आम्हास ठाऊक होते. ठाऊक असूनही ते निदानापर्यंत पोहोचले नाही, ही आमची चूक होती.

ती चूक लक्षात आणून दिली कार्यालयातील लिपिकाने. पगारपत्रकावरील मामांची सही जुन्या सहीशी जुळत नाही, अशी हरकत त्याने घेतली. आम्ही मस्टर मागविले आणि दोन वर्षांच्या सह्या ओळीने पाहिल्या. अक्षर महिन्यामहिन्याने थरथरत गेलेले स्पष्ट दिसत होते. त्यानंतर मूत्रातील पाऱ्याची तपासणी करविली. प्रमाण फार वाढलेले आढळले. मामांना ग्रंथालयात हलविण्यात आले. हिरड्या बऱ्या झाल्या, झोप परतली, कंपही पुष्कळ कमी झाला. पण हात पूर्वीसारखा स्थिर झाला नाही. आपल्याला शिक्षा म्हणून रसशाळेतून काढले, अशी मामांची समजूत झाली होती आणि ती दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही. महाविद्यालयाच्या दप्तरी या प्रकाराची एका ओळीचीही नोंद झाली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच खल्वापाशी, त्याच बंद खिडकीखाली, दुसरा माणूस येऊन बसला. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. आज हा लेख लिहावासा वाटला, त्यामागे ते मौन आहे.

शास्त्राने औषधपेषकाला विसरलेले नाही

चिकित्सेचे चार पाद आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. चरकाने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आणि पंधराव्या अध्यायात रुग्णालयाची सिद्धता वर्णिताना परिचारकांची नावे कामानुसार मोजली. स्वयंपाक करणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, रुग्णाला उठविणारा व निजविणारा यांच्या जोडीने तेथे औषधपेषकही आहे. औषध वाटणारा माणूस आचार्यांच्या दृष्टीतून सुटला नाही. आपल्या दृष्टीतून मात्र सुटला.

व्यवसायामुळे माणूस आजारी पडतो, हा विचारही आपल्याला परका नाही. सिद्धिस्थानाच्या अकराव्या अध्यायात ‘सदातुर’ म्हणजे नित्य रोगी असणाऱ्यांचे वर्णन आहे. वेदाध्ययन करणारे, राजसेवक, वेश्या आणि व्यापारी हे चार वर्ग तेथे येतात. त्यांची कारणे आचार्यांनी त्यांच्या कामातच शोधली आहेत : दुसऱ्याची मर्जी राखण्याची चिंता, एकाच जागी बसून राहणे, आलेले वेग अडविणे, वेळेवर न जेवणे. युरोपात रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध केला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारण्याचा आग्रह धरला. त्याचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या संहितेत जे बीज होते, त्याला आपण पाणी का घातले नाही, हेही स्वतःस विचारावे.

रसरत्नसमुच्चयाच्या सातव्या अध्यायातील रसशाळेची रचना पाहावी. अग्निकर्म आग्नेयेस, धुण्याचे काम पश्चिमेस, वाळवण वायव्येस, सिद्ध औषधे ईशान्येस. दिशांचा अर्थ कोणी कसाही लावो. भट्टी, धुणे, वाळविणे आणि साठवण या चार गोष्टी एका खोलीत असू नयेत, एवढा बोध तर त्यातून निश्चित होतो. आज अनेक रसशाळांत या चारही गोष्टी एकाच छताखाली आणि एकाच पंख्याखाली चालतात.

‘स्वांगशीत’ या शब्दाचेही तसेच आहे. यंत्र आपोआप पूर्ण थंड झाल्यावर उघडावे, हा दंडक औषधाच्या सिद्धतेसाठी आहेच, पण तो उघडणाऱ्याच्या रक्षणासाठीही आहे. कोमट डमरू यंत्र उघडले की वरच्या भांड्यात राहिलेली पारदाची वाफ सरळ तोंडावर येते. तास संपत आला, पुढची तुकडी दाराशी उभी आहे, म्हणून मामांना यंत्र लवकर उघडावयास आपणच सांगतो. तीन तासांच्या वेळापत्रकात स्वांगशीत बसत नसेल तर वेळापत्रक बदलावे.

कोलीत कोणाच्या हाती?

हा विषय काढला की आपल्यातीलच जाणती मंडळी अस्वस्थ होतात. ‘आधीच रसौषधींवर टीका होते आहे, आपणच असे लिहिले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल,’ असे आम्हास अनेकांनी सांगितले. ही भीती निराधार नाही. 2004 साली अमेरिकेतील ‘जामा’ या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा उठलेला धुरळा आपल्या स्मरणात आहे.

परंतु तो सारा वाद तयार औषधाविषयी होता. आपण उत्तर काय दिले? शोधन-मारण केलेला पारद आणि कच्चा पारद यांत भेद आहे, असे. हे उत्तर ज्यांना मान्य आहे त्यांनी एक पाऊल पुढे जावे. रुग्णाच्या पोटात संस्कारित द्रव्य जाते, हे आपले म्हणणे. मग रसशाळेतील माणसाच्या फुप्फुसात जाते ते कोणते? तो तर अशोधित पारदच हाताळतो. शोधनाचे सर्व पुण्य रुग्णाला आणि अशोधिताचा सर्व भार त्याला, अशी ही वाटणी आहे. पारद साध्या तापमानालाही वाफ सोडतो; त्या वाफेला रंग नाही, वास नाही; श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के शरीरात राहते. तेव्हा रसौषधींवर ज्याची श्रद्धा जितकी दृढ, त्याने कामगाराच्या रक्षणाचा आग्रह तितकाच धरावयास हवा. आपण होऊन घर स्वच्छ केले तर कोलीत कोणाच्याच हाती लागत नाही.

फार्मसीचालकांसाठी

पारद न वापरणाऱ्या फार्मसीचालकांनी हा लेख येथे मिटू नये. चूर्णाच्या यंत्रापाशी आठ तास उभा राहणारा माणूस सुंठ, मिरी, पिंपळी यांची धूळ श्वासावाटे घेत असतो. इसबगोल आणि सोनामुखी यांच्या धुळीने कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकात नोंदले गेले आहे. बिब्ब्याच्या तेलाने हातावर, तोंडावर फोड येतात. हे काम करणाऱ्याने अगोदर खोबरेल लावावे, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते, पण कारखान्यात ते तेल कोणी ठेवीत नाही. निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर काय अनर्थ होतो, ते सांगावयास नको.

औषध नियमांच्या ‘ई-1’ परिशिष्टात बिब्बा, बचनाग, कुचला, धोत्रा, जमालगोटा, हरताळ, मनःशिळा, रसकापूर, पारद इत्यादी द्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. दोन गुंजा औषध घेणाऱ्याला इशारा आणि तेच द्रव्य मणाने कुटणाऱ्याला काहीच नाही, ही विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

कायदा मात्र मुका नाही. 2000 साली आलेल्या ‘शेड्यूल टी’मध्ये उत्पादकाने कामावर घेताना व त्यानंतर दर वर्षी कामगाराची वैद्यकीय तपासणी करावी, तिची नोंद ठेवावी, गणवेश, हातापायांची व डोक्याची आच्छादने, साबण, कपडे बदलण्याची सोय आणि प्रथमोपचार पुरवावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. पण त्या तपासणीचा भर संसर्गजन्य रोगांवर आहे. कामगारापासून औषधाला काही होऊ नये, ही काळजी तेथे दिसते. औषधापासून कामगाराला काही होऊ नये, ही काळजी आपण आपली घ्यावयाची आहे. बहुतेक ठिकाणी ही नोंदवही निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरली जाते, हे आपण सारे जाणतो.

महाविद्यालयांची स्थिती याहून नाजूक आहे. तेथील औषध विक्रीस जात नसेल तर निरीक्षक तिकडे फारसा फिरकत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येते तेव्हा अध्यापक मोजले जातात, खाटा मोजल्या जातात, पुस्तके मोजली जातात. रसशाळेतील आणि पंचकर्म विभागातील माणसाची प्रकृती कशी आहे, हे कोणी विचारीत नाही. स्वेदनाच्या वाफेत दिवसभर उभे राहणारे, तेलकट फरशीवरून रुग्णाला आधार देऊन नेणारे कर्मचारी पुष्कळदा कंत्राटी असतात. आजारी पडले की त्यांचा दिवस बुडतो. म्हणून ते आजार सांगत नाहीत.

काय करता येईल?

आमच्या सूचना साध्या आहेत. पारदाचे काम स्वतंत्र, हवेशीर खोलीत, धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याखाली व्हावे. खल्वाखाली कडा असलेले ताट ठेवावे. सांडलेला पारद केरसुणीने कधीही झाडू नये. जाड कागदाने किंवा पिचकारीने टिपून पाण्याखाली बंद बाटलीत ठेवावा व उरलेल्या जागी गंधकाचे चूर्ण पसरावे. कापडी मुखपट्टी पाऱ्याची वाफ अडवीत नाही; त्यासाठी गाळणी असलेली विशेष मुखपट्टीच लागते. त्या खोलीत चहा, डबा, तंबाखू सर्व वर्ज्य. कामाचे कपडे तेथेच बदलावेत, घरी लेकरांपर्यंत नेऊ नयेत. एकाच माणसाला वर्षानुवर्षे एकाच खल्वापाशी न बसविता पाळी बदलावी.

तपासणीत मूत्रातील पारा आणि वृक्कांसाठी मूत्रातील प्रथिने पाहावीत. चूर्णाच्या यंत्रावरील माणसाच्या श्वसनाची क्षमता पाहावी. आणखी एक बिनखर्चाची गोष्ट करावी : दर सहा महिन्यांनी प्रत्येकाकडून एका वहीत चार ओळी लिहून घ्याव्यात व सही घ्यावी. यंत्राने उशिरा दाखविलेले अक्षर लवकर दाखविते, हा धडा आम्ही त्या मस्टरमधून शिकलो. ज्याला काम बदलून द्यावे लागेल त्याचा पगार घटू नये. अन्यथा कोणी आपला कंप दाखविणार नाही.

लहान फार्मसीला हा खर्च झेपेल काय, असे विचारले जाईल. धूळ खेचणारे यंत्र सर्वांना लगेच घेता येणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ताट, गंधक, खोबरेल, साबण, वही आणि स्वांगशीत होईपर्यंतचा धीर यांना किती पैसे पडतात?

आपल्या संघटनेने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. एक, रसशाळा व फार्मसी यांसाठी चार पानांची मराठी मार्गदर्शिका काढून ती भिंतीवर लावण्याजोगी करावी. दोन, चौकशी समितीच्या तपासणी पत्रकात कर्मचाऱ्यांच्या आरोग्य-नोंदींचा एक रकाना असावा, असे निवेदन विद्यापीठास द्यावे.

आणि प्रत्येक अध्यापकाने एक करावे. पुढच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने घटीचा आकडा लिहिला की सही करण्यापूर्वी त्याला विचारावे, ही घट कोठे गेली? उत्तर शोधण्यासाठी त्याला वहीत पाहावे लागणार नाही. खल्वापाशी बसलेल्या माणसाकडे त्याने एकदा नीट पाहावे.